अक्का, भिंत दुहेरी होती

अक्का, परवा धुळ्याला तुमच्या शोकसभेत मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो, माईक हातात घेतला आणि तुम्ही किती काटेकोर होतात, रिपोर्ट कसे वेळेवर देत होतात, असलं काहीतरी बोलून खाली बसलो. सगळेच तसं बोलत होते. कुणी तुमच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी तुमच्या तिखट जिभेबद्दल जपून बोललं. थंडीच्या दिवसांत सोनोग्राफीची जेली गरोदर बाईच्या पोटाला गार लागू नये म्हणून तुम्ही बाटली कोमट पाण्यात ठेवायचात, हे मात्र कुणाला आठवलं नाही. मलाही ते परतताना, पारोळ्याच्या पुढे गाडी आल्यावर आठवलं. जे बोलायला हवं होतं ते सभेत बोललोच नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.

तुमचं-माझं नातं फोनवरचं. तुम्ही धुळ्यात पोटातली बाळं बघायचात आणि मी जळगावात लहान मुलांची ऑपरेशनं करतो. एखाद्या बाळाच्या पोटात काही वेगळं दिसलं की तुमचा फोन यायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "भाऊ, कागद घ्या" म्हणायचात. मी कागद घेतलाय की नुसतं हो म्हणतोय हे तुम्हाला आवाजावरून कळायचं. नसला घेतला तर तुम्ही गप्प बसून राहायचात. माझी बायको मला म्हणायची, तुमच्या आईनंतर तुम्हाला कोणी सरळ केलं असेल तर ते या बाईंनी.

सुनंदाच्या बाळाचा फोन आला तेव्हाही मी कागद घेतला होता, अक्का. तो मुद्दा मी आधीच मान्य करून टाकतो. सात वर्षं झाली त्याला. सुनंदा धरणगावजवळच्या खेड्यातली, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, माहेर धुळ्याचं, म्हणून सोनोग्राफी तुमच्याकडे. घरात आधीच्या दोन मुली. आठवा महिना लागला होता. तुम्ही म्हणालात, "बाळाच्या पोटात उजवीकडे खाली पाण्यानं भरलेली गाठ आहे. लिंबाएवढी. भिंत दुहेरी वाटतेय, आतून पांढरी रेघ, बाहेरून काळी. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात परत बघायला हवी."

मी लिहून घेतलं आणि लगेच विचारलं, मुलगा की मुलगी?

का विचारलं ते तुम्हाला ठाऊक होतं. मुलीच्या पोटात खाली पाण्याची गाठ दिसली तर ती बहुतेक वेळा अंडाशयाची असते. आईच्या शरीरातल्या हार्मोन्समुळे ती फुगते, जन्मल्यावर हळूहळू आपोआप विरून जाते. मुलगा असेल तर तो विचारच बाद होतो, मग आतड्याची किंवा दुसरी कुठली जन्मजात गाठ धरून चालावं लागतं. म्हणजे निम्मं निदान या एका उत्तरावर होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "माहीत नाही." मी म्हटलं, अक्का, मी काही त्या बाळाचा बाप नाही, मी सर्जन आहे, कायदा मलाही कळतो. तुम्ही परत तेच म्हणालात. मग मी भडकलो. डोळे मिटून सोनोग्राफी करणाऱ्याला डॉक्टर म्हणायचं का, इथपर्यंत माझी मजल गेली. तुम्ही फोन ठेवला नाहीत, पण बोललाही नाहीत.

तुम्ही खरंच बघितलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. तुम्ही एका लग्नाला जळगावात आला होतात आणि सकाळी मेहरूणच्या तलावावर माझ्याबरोबर फिरायला आलात. मी जुनं उकरून काढलं. तेव्हा चालता चालता तुम्ही सांगितलंत की तुमची ही कामाची रीतच आहे. बाळाचं मूत्राशय बघायचं, किडन्या बघायच्या, मांड्या आल्या की हात उचलायचा आणि दुसऱ्या बाजूनं यायचं. मी विचारलं, कायद्यात सांगू नका म्हटलंय, बघू नका कुठं म्हटलंय?  तुम्ही म्हणालात, दवाखाना नवा होता तेव्हा एका बाईची सोनोग्राफी करताना मी एक शब्दही बोलले नव्हते. तिच्या नवऱ्याची नजर पडद्यावर नव्हती, माझ्या चेहऱ्यावर होती. बाई नंतर तपासणीला आलीच नाही. वर्षभरानं बाजारात दिसली, कडेवर मूल नव्हतं, मान खाली घालून गेली.

"जे मला माहीतच नाही ते माझ्या तोंडावर दिसणार नाही," असं तुम्ही म्हणालात. माझा युक्तिवाद तेव्हा संपला होता, तरी मी आणखी दहा मिनिटं चालवला. तुम्हाला ते आवडायचं, असं मी स्वतःला सांगत आलोय.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी फोनवर मी उलटाच निष्कर्ष काढून बसलो. अक्का एवढ्या घट्ट तोंड मिटून बसल्यात म्हणजे मुलगीच असणार, दोन मुलींच्या घरात तिसरी आहे हे त्यांना बाहेर पडू द्यायचं नाही. मुलगी म्हणजे अंडाशयाची गाठ. अंडाशयाची म्हणजे काळजी नाही. झालं माझं निदान. दुहेरी भिंतीचे शब्द कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. आतड्याच्या गाठीची भिंत अशीच दिसते, आतून पांढरी आणि बाहेरून काळी, कारण ती आतड्यासारखीच घडलेली असते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलंच नाही, अक्का. तुम्ही सांगत नव्हतात तेच ऐकत बसलो.

आठ दिवसांनी सुनंदा, तिचा नवरा आणि सासू, अशी तिघं तुमचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. तुम्हीच पाठवलं होतं, बाळ जन्मायच्या आधी सर्जनला भेटून या म्हणून. सासूबाईंना गावात सगळे जिजी म्हणतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, बाळाला काही होणार तर नाही ना? बाहेर पेशंट ताटकळले होते, मला घाई होती, आणि माझं निदान तर पक्कं होतं. मी हसून सांगितलं की अशा गाठी आपोआप जातात, घाबरू नका, जन्मल्यावर धावपळ करू नका, दोनेक महिन्यांनी सवडीनं दाखवा. पहिल्या आठवड्यात बघा असं तुम्ही रिपोर्टात लिहिलं होतं. त्यावरून मी बोट फिरवलं आणि म्हटलं, त्या जरा जास्तच काळजी करतात. जिजी खुश होऊन गेल्या. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

तुमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर होतं. ज्यांची काळजी वाटते त्यांच्या तारखांभोवती तुम्ही पेन्सिलीनं गोल करायचात. सुनंदाची तारीख उलटून आठवडा झाला आणि तुमचा फोन आला. बाळ दाखवायला आणलं का? मी म्हटलं, नाही. मग तुम्ही विचारलंत, ते लोक तुम्हाला भेटले होते ना, काय सांगितलं होतंत त्यांना?

अक्का, इथे मी खोटं बोललो. जन्मल्याबरोबर घेऊन या असं बजावलंय, असं मी म्हणालो. तुमच्या जिभेची धास्ती होती, बाकी काही कारण नव्हतं. पन्नाशीला आलेला माणूस मास्तरणीसमोर थाप मारतो तशी मी मारली. तुम्ही "बरं" म्हणालात. ते "बरं" ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतरचं मला तुमच्याकडून अर्धं आणि सुनंदाच्या नवऱ्याकडून अर्धं कळलं. त्यांचा फोन लागेना, म्हणून रविवारी तुम्ही गाडी काढून थेट त्यांच्या गावी गेलात. बाळ अठरा दिवसांचं होतं. मुलगीच होती. सकाळपासून हिरवी उलटी करत होती, पोट फुगलेलं, आणि घरातले घुटी उगाळत होते. तुम्ही दारातच जिजींना म्हणालात, "तिसरी पोरगी म्हणून घरात ठेवली का?" साऱ्या गल्लीनं ऐकलं. जिजी म्हणाल्या, "डॉक्टरसनी सांगं ना, गाठ आपोआप चालनी जाई."

त्या एका वाक्यात माझं खोटं उघडं पडलं. तुम्ही तिथंच माझ्या नावानं शंख करू शकला असतात. तुम्ही पोरीला उचललंत, सुनंदाला आणि तिच्या नवऱ्याला गाडीत घातलंत आणि जळगावला निघालात. जिजी थोरल्या दोघी नातींना घेऊन घरीच राहिल्या. म्हणजे त्यांचं-तुमचं पुढचं बोलणं व्हायचं ते राहूनच गेलं.

वाटेतून तुमचा फोन आला होता, म्हणून तुम्ही माझ्या दवाखान्याच्या दारात आलात तेव्हा मी पायऱ्यांवर उभा होतो. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही बाळ माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "भिंत दुहेरी आहे. उघडा." एवढंच. मग बाकड्यावर सुनंदाशेजारी जाऊन बसलात.

पोट उघडलं. गाठ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला होती, आतड्याला चिकटलेली, दोघांची भिंत एकच. तिच्या वजनानं आतड्याला पीळ पडला होता आणि बोटभर भाग जांभळा-काळा झाला होता. अशी गाठ सोलून काढता येत नाही, आतड्याचा तेवढा तुकडा तिच्याबरोबर काढावाच लागतो. पीळ सोडवला, आतडं कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळलं आणि रंग परत येतो का, याची वाट बघत आम्ही उभे राहिलो. भूल देणारे डॉक्टर घड्याळ बघून मिनिटं सांगत होते. त्या दहा मिनिटांत मी देवाशी काय काय बोललो ते देवालाच माहीत. रंग आला. सगळा नाही आला, पण बराचसा आला. चार बोटं आतडं गाठीसकट काढलं आणि दोन्ही टोकं शिवून एक केली.

बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, किती आतडं गेलं? मी म्हटलं, चार बोटं. तुम्ही म्हणालात, मग ठीक आहे, पोरगी जेवेल. मी वाट बघत होतो, आता तुम्ही विचाराल, त्यांना काय सांगितलं होतंत म्हणून. तुम्ही पर्स खांद्याला लावलीत. "त्या आजींना मी दारात नको ते बोलले. त्यांची चूक नव्हती. तुमच्याकडे येतील तेव्हा माझ्या वतीनं त्यांची माफी मागा," असं म्हणालात आणि माझ्याकडे नीट बघितलंत. मी हो म्हटलं.

मी मागितली नाही, अक्का. कशी मागणार? तुमची माफी पोचवायची तर तुम्ही असं का बोललात ते सांगावं लागलं असतं. आणि ते सांगायचं तर मी तुम्हाला काय थाप मारली आणि त्याआधी त्यांना काय सांगितलं, तिथवर जावं लागलं असतं. त्यांच्या घरात तर मी देवमाणूस होऊन बसलो होतो. दर हिवाळ्यात सुनंदाचा नवरा पिशवीभर भरिताची वांगी घेऊन येतो. पोरीचं नाव नेहा. ती पोटावरची खूण येईल त्याला फ्रॉक वर करून दाखवते आणि माझं नाव सांगते. जिजी सोबत येतात तेव्हा न चुकता "ती धुळ्यानी बाई" म्हणून तुमचा उद्धार करतात. मी हसून विषय बदलायचो. चांगलं सात वर्षं बदलला. भरीतही चापून खाल्लं.

नंतर स्वतःची समजूत घालायची एक युक्ती मी शोधून काढली होती. अक्कांनी मुलगी आहे हे आधी सांगितलं असतं तर असा घोळ झाला नसता, अशी. मेहरूणला तुमच्याशी वाद घातला तो त्याच जोरावर. पण ती मुलगीच होती ना. तुम्ही बघून सांगितलं असतं तर मी अंडाशयाच्या गाठीवर आणखी घट्ट बसलो असतो. तुमच्या लक्षात हे पहिल्या दिवसापासून आलेलं असणार. तलावाला चक्कर मारताना तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाहीत. मला उघडं पाडायची संधी तुमच्याकडे किती वेळा चालून आली आणि तुम्ही ती किती वेळा सोडून दिलीत, याची मोजदाद मी आता करतोय. तुमच्या या चांगुलपणाचा मला रागही येतो, खरं सांगतो. एकदा चांगलं झापलं असतंत तर मी तिथंच रडून मोकळा झालो असतो.

तुमचा शेवटचा फोन दिवाळीनंतरचा. एका बाळाच्या किडनीबद्दल बोललात, आवाज थकलेला होता, मी विचारलं तर वय झालं म्हणालात. मग एकदम, "ती धरणगावची पोरगी कशी आहे?" मी म्हटलं, दुसरीत गेली. "आणि तिची आजी?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. तुम्ही थांबलात. बराच वेळ थांबलात. मी कागद घेतलेला नसला की थांबायचात तशाच. आणि मी काय केलं, तर जळगावात यंदा थंडी कशी पडत नाही ते सांगत बसलो. शेवटी तुम्ही म्हणालात, ठेवते भाऊ. पुढच्या महिन्यात धुळ्याला जाऊन समोरासमोर बोलायचं, असं मी ठरवलं होतं. दोन तासांचा रस्ता. मी गेलो तो थेट शोकसभेलाच.

सभेतही तोंड उघडलं नाही, तेव्हा स्वतःची किळस आली. म्हणून काल सकाळी धरणगावच्या रस्त्याला लागलो. जिजी ओट्यावर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून लगबगीनं उठायला लागल्या, मी त्यांना बसा म्हटलं आणि खालीच पायरीवर बसलो. तुम्ही गेलात हे सांगितलं. त्यांचा हात थांबला. मग मी सगळं सांगितलं. आपोआप जाईल हे मी उगाच सांगितलं होतं, तुमच्या रिपोर्टात खरं लिहिलं होतं. लगेच आणा असं त्यांना बजावल्याची थाप मी तुम्हाला मारली, आणि त्या थापेमुळेच तुम्ही त्यांच्या दारात तसं बोललात. त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर रात्रीपर्यंत नेहा उरली नसती. आणि तुमची माफी सात वर्षं माझ्याकडेच पडून होती. सुनंदा आतून येऊन दाराशी उभी राहिली होती, तिनंही ऐकलं.

जिजींनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसाव्यात असंही वाटत होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिन मी तिले पानी बी नही इचारं." दारी आलेल्या बाईला पाणी विचारलं नाही, हे त्या कधी विसरल्या नव्हत्या. तुमच्यावरच्या रागाखाली त्यांनी ते झाकून ठेवलं होतं. मग त्यांनी मला विचारलं, "हाई बठ्ठं तुम्ही तिले सांगं व्हतं का?"

यातलं काहीच तुम्हाला सांगितलं नव्हतं, असं मी म्हणालो.

"मंग मनं बी ऱ्हाई गयं," जिजी म्हणाल्या, "नि तुमनं बी."

त्यांचं पाणी विचारायचं राहिलं होतं आणि माझं सांगायचं. सुनंदाचे डोळे वाहत होते, पण माझ्याकडे बघायचं ती टाळत होती. तेही बरोबरच होतं. मी उठायला लागलो, तर जिजींनी सुनेकडे बघून पाणी आणायला सांगितलं. तिनं तांब्या-पेला आणून माझ्यासमोर ठेवला.

ते पाणी मी प्यालो, अक्का. तुमच्या वाटचं होतं ते.